तीन बोटं मावतील एवढं तोंड

डॉक्टरांनी माझा डावा गाल आतून ओढून धरला, टॉर्च मारला आणि विचारलं, "आजी, मिसरी ह्याच बाजूला धरता ना?"

मी मिसरी लावते हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. दात काळे असतात, ते कुणीही ओळखेल. पण त्यांनी बाजूसुद्धा ओळखली.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून वाटलेली तंबाखू. आमच्या हसनाबादेत माझ्या वयाच्या बहुतेक बायका सकाळी ती दातांना लावतात. दात घासणं हे निमित्त. चिमूटभर गालात धरून ओट्यावर बसायचं, डोकं हलकं होतं, चार घरच्या गोष्टी कळतात, मग कामाला लागायचं. मला लग्नाआधीपासून सवय. ती माझ्या आईने लावली नि तिला तिच्या आईने.

मी डॉक्टरकडे गेले होते ते तिखट झोंबतं म्हणून. कालवणाचा घास डावीकडे गेला की आग व्हायची. दात दुखत नव्हता, म्हणून मी बरेच दिवस उजवीकडून चावत राहिले. मुलगा भगवान बियाणं आणायला जालन्याला निघाला होता, त्याच्याबरोबर गेले. दात काढायला सांगतील, काढून येऊ, एवढंच मनात होतं.

"गालाच्या आत पांढरा चट्टा आहे," डॉक्टर म्हणाले. "ह्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात."

साध्या भाषेत सांगायचं तर खुरपं धरून तळहाताला घट्टा पडतो, तसा तंबाखूने गालाला आतून पडतो. पांढरा दिसतो, पुसून जात नाही.

"कॅन्सर हाय का?" मीच विचारलं. भगवान विचारणार नव्हता. तो भिंतीवरचं दातांचं चित्र बघत उभा होता.

"बघून सांगता येत नाही. तुकडा तपासावा लागेल."

ह्या तपासणीला बायोप्सी म्हणतात. बाजू बधिर करून डाळीएवढा तुकडा काढतात आणि तो औरंगाबादला पाठवतात. काढताना दुखत नाही. निकाल यायची वाट बघणं दुखतं. ते दिवस मी कापूस वेचण्यात घालवले. घरी बसले असते तर सगळ्यांना बोलून बोलून हैराण केलं असतं.

निकाल आला. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर झालेला नाही. पण पेशी बदलायला लागल्यात, म्हणजे त्या वाटेला लागल्यात. चट्टा पूर्ण काढू. काढलेला पुन्हा पूर्ण तपासू."

"आन मिसरी?"

"मिसरी आजपासून बंद. कमी नाही, बंद."

मी मान हलवली. तंबाखूची डबी कमरेला होती, ती खिडकीतून नाल्यात टाकली. लोकांना वाटतं असं टाकताना माणूस काहीतरी मोठं करतो. मला फक्त राग आला होता.

ऑपरेशन झालं तेव्हा मी जागी होते. गालात सुया दिल्या, तेवढं दुखलं. नंतर कापड फाडल्यासारखा आवाज येत होता आणि तो माझ्याच तोंडातून येतोय हे कळत होतं. डॉक्टर मदतीच्या बाईला सारखे म्हणत होते, "इथे धर, इथे धर." मग कडा जवळ ओढून टाके घातले, वर कापूस ठेवला आणि म्हणाले, "चावून धरा. बोलायचं नाही."

घरी जाऊन काय करायचं ते त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. मी, भगवान आणि सून कमल. कमल सातवी शिकलेली आहे आणि ऐकलेलं विसरत नाही. त्या दिवशी मला ह्याचं बरं वाटलं. पुढे वाटलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कुणाला उपयोगी पडेल. "आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, नळीने काही ओढून प्यायचं नाही. गालाला बाहेरून गार लावा, गरम नाही. झोपताना डोकं उंच ठेवा. खाणं मऊ, कोमट, बिनतिखट. उद्यापासून मिठाचं कोमट पाणी तोंडात घ्यायचं, खळखळ करायची नाही, नुसतं धरून बाहेर पडू द्यायचं. दुखायचं थांबलं तरी गोळ्या पूर्ण घ्यायच्या. जास्त रक्त आलं, ताप आला, घाण वास आला तर लगेच या."

शेवटी त्यांनी लाकडी चपट्या काड्यांची एक जुडी कमलच्या हातात दिली. आइस्क्रीमच्या काडीसारख्या, जरा रुंद. "सूज उतरायला लागली की ह्या एकावर एक ठेवून दातांच्या मध्ये घालायच्या. रोज थोड्या वाढवायच्या. तोंड उघडायला लागलं पाहिजे. दुखेल. दुखलं तरी करायचं."

मला हे नीट ऐकू आलं होतं. मी बहिरी नाही.

जीपने घरी आलो. बधिरपणा उतरला आणि तोंडात रक्ताची चव यायला लागली. आपल्याकडे तोंडातलं रक्त कुणी गिळत नाही, किळस येते. मी उठून मोरीकडे गेले. कमल आडवी उभी राहिली.

"आत्याबाई, थुकायचं न्हाई. गिळा."

मी डोळे वटारले. ती हलली नाही.

गिळलं. तुम्हीही गिळा. जखमेवर रक्ताची गाठ धरते, तेच तिचं झाकण असतं. थुंकलं की झाकण निघतं. हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. पण कळेपर्यंत न थुंकणं महत्त्वाचं, कळणं नंतर झालं तरी चालतं.

बर्फ गावात फक्त थंड्याच्या बाटल्यांच्या दुकानात मिळायचा. भगवानने टॉवेलात बांधून आणला तो अर्धा रस्त्यातच गेला. मग कमलने माठाच्या पाण्यात फडकं भिजवून गालावर ठेवायला सुरुवात केली. फडकं गरम झालं की बदलायचं. बर्फ नसला तर अडून बसू नका, माठ पुरतो.

दुसऱ्या दिवशी गाल भोपळ्यासारखा झाला. डोळा अर्धा मिटला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नव्हतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तच असते आणि मग उतरते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी एक सकाळ घाबरण्यात घालवली नसती, म्हणून मी तुम्हाला सांगते.

खायला ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, तूप घालून. मुगाचं वरण. दूध. सगळं कोमट, उजव्या बाजूने, चमच्याने. दोन दिवस गोड लागलं, पुढे पेजेचं पातेलं बघितलं तरी वैताग यायचा.

आणि भेटायला येणारी माणसं. आजारी माणसाला भेटायला जाणं चांगलं, पण प्रत्येक जण मोसंबी घेऊन येतो. आमच्या भागात मोसंबीच्या बागा, कुणाच्या ना कुणाच्या शेतात आहेतच. पहिल्या पाव्हणीने समोर बसून रस काढून दिला आणि पिऊन झाल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. टाक्यांना तो रस लागला तेव्हा मला माझी सासू आठवली, एवढंच लिहिते. आंबट काहीही नको.

बोलता येत नव्हतं म्हणून कमलने घरातली जुनी पाटी आणून दिली. चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढा उपयोग आयुष्यात झाला नव्हता.

माझी धाकटी जाऊ गया, भिंतीपलीकडे राहते. आम्ही दोघी एकाच मांडवातून ह्या घरात आलो, सख्ख्या भावांना दिलेल्या. ती रोज यायची. तिसऱ्या दिवशी ती पिशवीभर मोसंबी घेऊन आली. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "ही मोसंबी उचल आणि नीघ," आणि तिच्यासमोर धरली.

गयाला वाचता येत नाही. तिने पाटीकडे मायेने बघितलं. "काय लिवलं ग कमल?"

कमल म्हणाली, "काकू, बसा म्हणून राह्यल्या आत्याबाई."

"बसते न. बसायलाच आले." आणि ती बसली. "काय शांत घर वाटून राह्यलं. देवानं अक्काचं तोंड शिवलं आन भगवानला सुख दिलं."

भगवान बाहेरच्या खोलीत हसला. मला ऐकू आलं.

मिसरीचं सांगते. दुखणं सोसलं, पण सकाळ सोसत नव्हती. बायका ओट्यावर बसल्या की वास आत यायचा. हात आपोआप कमरेला जायचा, तिथे डबी नाही. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, हात थरथरायचे. गयाने एकदा कानाशी येऊन सांगितलं, "अक्का, नुसती नखभर लावा. बधिर व्हतं, दुखणं ऱ्हात न्हाई. कुनाला सांगत न्हाई मी." तिने डबी उघडून माझ्या नाकाखाली धरली. मी तिच्या हातावर फटका मारला आणि डबी अंथरुणावर सांडली. कमलने ती चादर बाहेर नेऊन धुतली. लवंग तोंडात ठेवायची तर टाक्यांमुळे तीही नको. मी बडीशेप हुंगत बसायचे. हसण्यासारखं आहे, पण हाताला काम मिळायचं.

आता माझी चूक.

सूज उतरायला लागली तशी कमलने काड्यांची जुडी आणली. "आत्याबाई, आता सुरू करायचं सांगितलं व्हतं."

मी दोन काड्या दातांत धरायचा प्रयत्न केला. गालातून कानापर्यंत कळ गेली. मी काड्या काढून फेकल्या आणि पाटीवर लिहिलं, "टाके तुटतील."

"डॉक्टर म्हणले व्हते, दुखलं तरी करायचं."

मी पाटी पुसली आणि पालथी ठेवली. माझं म्हणणं असं होतं: बैलाचा खांदा आला, म्हणजे जुवाने घासून सुजला, तर आपण त्याला जू लावत नाही. जखम भरेपर्यंत त्याला बांधून ठेवतो. मी जन्मभर तसंच बघितलं होतं. ताजी जखम रोज ताणायची हे कुठल्या गावचं शहाणपण?

त्याच वेळी गया एरंडाचं पान घेऊन आली. गालफुगी झाली, दाढ सुजली की आमच्याकडे हेच करतात. पानाला गोडं तेल लावून तव्यावर गरम करायचं, गालावर ठेवायचं आणि हनुवटीखालून डोक्यावर फडकं आवळून गाठ मारायची. जबडा हलला नाही की दुखत नाही. तिने पान ठेवलं, फडकं बांधलं, आणि खरं सांगते, स्वर्ग मिळाला. कळ थांबली. शेक लागत होता, जबड्याला आधार होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा गाढ झोपले.

मग ते फडकं राहिलंच. गया सकाळी येऊन नवीन पान ठेवायची आणि आवळून गाठ मारायची. कमल रोज काड्या आणायची, मी रोज हाताने नको म्हणायचे. पेजेपुरतं फडकं सैल करायचं, पुन्हा बांधायचं. कमल एकदा म्हणाली, "काकू, डॉक्टरनं बांधायचं सांगितलं न्हाई." गया म्हणाली, "डॉक्टरला काय म्हाईत, त्याच्या तोंडात टाके हायेत का?" मी गयाच्या बाजूने मान हलवली.

पुढच्या आठवड्यात टाके काढायला जालन्याला गेलो. गयाही आली, तिला जीपमध्ये बसायला आवडतं. मी फडकं बांधूनच गेले. बाकावर माझ्यासारखे गाल धरून बसलेले पाच-सहा जण होते. माझ्याकडे बघून एक म्हातारा आदराने सरकून बसला.

डॉक्टर आधी कागद वाचत आले. "आजी, चांगली बातमी. काढलेल्या चट्ट्याच्या कडा स्वच्छ आहेत. म्हणजे सगळं निघालंय. कॅन्सर नाही."

भगवान भिंतीला टेकला आणि तिथेच खाली बसला. मला त्याचा चेहरा बघवेना, मी दुसरीकडे बघितलं. महिनाभर पोरगं काही बोललं नव्हतं.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं. "हे काय बांधलंय?"

"आधार," गया म्हणाली. "म्याच बांधला."

त्यांनी स्वतः गाठ सोडली. "आ करा."

मी आ केलं. मला वाटलं मी केलं. दात कसेबसे बोटाच्या जाडीएवढे वेगळे झाले आणि जबडा तिथेच अडला. दाराला आतून खीळ घातल्यासारखा. मी जोर लावला. काही नाही. तेव्हा मी खरी घाबरले, कारण तोंड उघडत नाही हे मलाच माहीत नव्हतं. ते दिवसभर बांधलेलं होतं.

"काड्या लावल्या?"

कमल जमिनीकडे बघत राहिली. तिने चुगली केली नाही, म्हणून मीच दातांतून म्हणाले, "न्हाई लावल्या. बैलाचा खांदा आला तर जुंपत न्हाई आपन."

डॉक्टर स्टुलावर बसले. रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. "आजी, मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे. कातडी चप्पल पावसात भिजली आणि तशीच उन्हात टाकली तर काय होतं?"

"आखडती."

"मग पायात जाते?"

"न्हाई."

"आणि ओली असतानाच पायात घालून वाळवली तर?"

"मापाची ऱ्हाती," मला म्हणावंच लागलं. 

"गालाची जखम भरताना तशीच आखडते," ते म्हणाले. "जखम ओली आहे तोवरच ताणायची. ह्या तोंड न उघडण्याला ट्रिसमस म्हणतात. आता ऐका. चट्टा गेला, पण असे चट्टे परत येतात. मला दर काही महिन्यांनी तुमच्या तोंडात मागपर्यंत बघायचंय. मी बघू कुठून? एक बोट कसंबसं जातंय आत. परत काही वाढलं तर ते मला दिसेपर्यंत उशीर झालेला असेल."

गयाने पदर तोंडाला लावला.

"एक महिना देतो. तुमचीच तीन बोटं, एकावर एक, उभी तोंडात गेली पाहिजेत. नाही गेली तर दवाखान्यात ठेवून, भूल देऊन तो वण पुन्हा कापावा लागेल. आणि पुन्हा ह्याच काड्या."

टाके कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. एवढ्याशा फटीतून काढले.

परत जीपने निघालो. राजूर आलं तेव्हा गया म्हणाली, "म्या चांगल्यासाठीच बांधलं व्हतं अक्का." मी म्हणाले, "बांधलं तू. बांधून घेतलं म्या." ह्यापुढे आम्ही त्यावर बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून कमलचं राज्य सुरू झालं. जेवणाआधी दुखायची गोळी. मग कोमट मिठाचं पाणी तोंडात धरायचं, म्हणजे गाल सैल होतो. मग तिने काड्या गरम पाण्यातून काढून आणायच्या, माझ्यासमोर पाट टाकून बसायचं आणि म्हणायचं, "आत्याबाई, आ."

काड्या पुढच्या दातांत नाही, बाजूच्या दाढांमध्ये ठेवायच्या. जेवढ्या मावतात तेवढ्या ठेवायच्या, मग त्यांच्या मध्ये आणखी एक सरकवायची. ती एक काडी म्हणजे सगळं. कानापासून हनुवटीपर्यंत तार ओढल्यासारखं होतं, डोळ्यांतून पाणी येतं. तसंच धरून ठेवायचं, मग काढायचं, दम घ्यायचा आणि परत. दिवसातून बऱ्याच वेळा. झटका द्यायचा नाही. हळू सरकवायची.

एकदा काडी सरकवताना जरासं रक्त दिसलं. मी काड्या थुंकल्या. "बास. आता न्हाई."

"जरासंच हाय, आत्याबाई, डॉक्टरनं जास्त आलं तर या म्हणलंय. मिठाचं पानी घ्या आन परत आ करा."

"तुला काय, तुझ्या तोंडात हाय का?" हे बोलले आणि लगेच मला गया आठवली, तिने डॉक्टरला हेच म्हटलं होतं.

कमल उठली नाही. "लगीन होऊन आले तवा तुमी मला भाकरी शिकवली. तवा पोळला म्हणून म्या हात मागं घेतला की तुमी म्हणायच्या, हात मागं घेतलास तर भाकर कच्ची ऱ्हाईल आन हात बी पोळंल. आ करा."

भगवान जेवत होता. ताट घेऊन तो अंगणात गेला.

मी आ केलं.

त्या महिन्यात मला एक गोष्ट कळली. माणूस तोंड उघडायला लागला की समोरचाही उघडतो. कमल काडी सरकवायची तेव्हा तिचंही तोंड वासलेलं असायचं. गया भिंतीवरून डोकावायची तिचंही. एकदा पोस्टमन दारात उभा होता, तोही आ वासून. लहान लेकराला घास भरवताना आई करते तसं. मला हसू यायचं आणि हसताना गाल ताणला जायचा, म्हणजे तोही व्यायामच.

गया सकाळी यायची तेव्हा तिच्या तोंडात मिसरी असायची. वासाने मी वेडी व्हायचे. मी तिला सांगितलं, "गये, तोंड धुवून ये, न्हाई तर येऊ नको." पहिल्या दिवशी ती रुसून गेली. दुसऱ्या दिवशी धुवून आली. काड्या गरम पाण्यात टाकायचं काम तिने मागून घेतलं. ती काड्या टाकताना रोज एकच म्हणायची, "ह्या बारक्या काडीनं मानूस रडवला."

दोन बोटं गेली तेव्हा आम्ही खूश झालो. मग तिथेच अडलं. आज दोन, उद्या दोन, परवाही दोनच. तिसरं बोट वरच्या दाताला नखाने टेकायचं आणि बस. महिना संपत आला होता. मला दवाखान्यातली खाट दिसायला लागली. तुमचं असं अडलं तर घाबरा, पण थांबू नका. आम्ही काड्या धरून ठेवायचा वेळ वाढवला. मी उकडलेल्या रताळ्याचा तुकडा डावीकडे चघळायचे, भाकरी दुधात भिजवून डाव्याच बाजूने चावायचे. जी बाजू मी इतके दिवस जपली तिलाच कामाला लावलं.

एका सकाळी चुलीपुढे बसले होते. सहज हात तोंडाकडे नेला आणि तीन बोटं उभी केली. घट्ट होती. पण गेली. मी तशीच बोटं तोंडात ठेवून कमलला हाक मारायला गेले आणि ओरडता येईना. पायाने चिमटा ढकलला. तो वाजला तशी ती आली. तिने बघितलं, माझ्या मनगटाला धरून बोटं बाहेर काढून परत आत घालायला लावली. तिला खात्री करायची होती. मग ती पाण्याला निघून गेली. तिथे ती रडली असं गया म्हणाली. मी बघितलेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी माझी बोटं मोजून बघितली, मग त्यांचा आरसा आत घातला. डावीकडे, उजवीकडे, मागे अगदी शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंत. टॉर्च बराच वेळ फिरत होता. मी छताकडे बघत होते.

"सगळं गुलाबी आहे," ते म्हणाले. "वण मऊ आहे. मला पाहिजे ते सगळं दिसतंय. ऑपरेशन नाही."

मी त्यांना हात जोडले. मी सहसा कुणाला जोडत नाही. ते म्हणाले, "मला नको, सुनेला जोडा." मी म्हणाले, "तिला घरी जोडीन, हितं शेफारंल." कमलने पदराआड हसून घेतलं.

गया दारात उभी होती. मी तिला म्हणाले, "बस खुर्चीवर."

"मला काय झालंय?"

"काय न्हाई झालं तर काय न्हाई म्हनतील."

बसली. डॉक्टरांनी बघितलं. चट्टा नव्हता, हिरड्या खराब होत्या. मिसरी सोडायला सांगितली. गयाने ती सोडली असं मी इथे खोटं लिहिणार नाही. कमी केली, आणि माझ्यासमोर लावत नाही. दर खेपेला माझ्याबरोबर येऊन तोंड दाखवते, तेवढं करते.

ज्यांच्या तोंडात टाके पडलेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. दुखेल म्हणून तोंड मिटून बसू नका. आपल्याकडचे जुने उपाय खोटे नसतात, एरंडाच्या पानाने मला झोप दिली. पण कुठला उपाय कुठल्या जखमेला, हे कापणाऱ्याला विचारा. आणि घरातलं जे माणूस तुमची बोलणी खाऊन समोर बसतं, त्याचं ऐका.

त्या दिवशी परत येताना जीप गच्च भरली होती. ऊन होतं, रात्रीची झोप नीट झाली नव्हती. मला जांभई आली. महिनाभरात प्रत्येक जांभई मी अर्ध्यावर गिळली होती, कारण जबडा अडायचा आणि कळ यायची. ही सुरू झाली तशी मी दात आवळायला लागले. मग लक्षात आलं, आता आवळायचं कारण नाही. सोडून दिली. ती मोठी मोठी होत गेली, कानात कट्कन आवाज झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि कुठेही अडलं नाही.

समोर बसलेल्या पाव्हण्यालाही जांभई आली.

गयाने मला कोपर मारलं. "झाका ते तोंड, अक्का. अख्खं हसनाबाद दिसून राह्यलं आत."

"दिसू दे," मी म्हणाले.